पडदे काढलेली गिटार

शाळामास्तराला रेघांचे फार प्रेम. दुरेघी वही पुढ्यात नसली की पोराचे अक्षर उतरणीला लागलेच म्हणून समजावे. त्यामुळे गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी बास गिटार घेऊन घरी आला आणि "सर, हिचे पडदे मी काढून टाकणार आहे," असे म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशाला?" त्याने उत्तर दिले नाही. जाताना एक तबकडी मात्र ठेवून गेला. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाच्या नावाचीच ती तबकडी, १९७६ सालची.

बास गिटार म्हणजे खर्जाची गिटार. तिला चार जाड तारा असतात. पूर्वी हे खर्जाचे काम व्हायोलिनच्या कुळातले, माणसाहून उंच असे एक वाद्य करी आणि त्याला पडदे नसत. १९५१ साली लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवायची, विजेवर वाजणारी बास बाजारात आणली. तिच्या दांडीवर धातूचे पडदे होते. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे लाकडात पक्के ठोकलेले. नावही ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा. बोट पडद्याच्या किंचित अलीकडे दाबले की तार पडद्यावर टेकते आणि ठरलेला स्वर हजर होतो. शिकाऊ पोराला हा केवढा आधार! या आधाराची थट्टा करणे मला पसंत नाही.

तरीही काहींनी तो काढून टाकला. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये वाजवणाऱ्या बिल वायमन यांनी १९६१ साली एका स्वस्त बासचे झिजलेले पडदे नवे बसवण्यासाठी काढले. नाद आवडला, म्हणून तिला तसेच ठेवले. १९६६ साली अँपेग कंपनीने बिनपडद्यांची बास कारखान्यातच तयार केली. पण आज ही वाट ओळखली जाते ती पास्टोरियसच्या नावाने. त्याचा जन्मही १९५१ चाच. त्याची बास होती १९६२ सालची 'फेंडर जॅझ'. तिचे पडदे त्याने लोणी लावायच्या सुरीने उपटले, अशी कहाणी सांगतात. सांगणारे अनेक आणि तपशीलही अनेक. वाद्याकडे पाहिले की एवढे नक्की कळते की पडद्यांच्या खाचा बुजवल्या होत्या आणि वरून होड्यांना लावतात तसल्या राळेचा कठीण थर दिला होता. पोलादी वेढ्यांच्या तारा मऊ लाकूड खरवडून टाकतात. या थराने लाकूड वाचले आणि नादालाही लकाकी आली.

खाचा बुजल्या तरी त्यांच्या रेघा दिसत राहतात. आता बोट रेघेच्या अलीकडे ठेवून भागत नाही, ते नेमके रेघेवरच पडावे लागते. तारेची लांबी चौतीस इंच. पहिला पडदा सुमारे १.९ इंचांवर, बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे सतरा इंचांवर. पुढे तीच अंतरे निम्मी होतात. बोट जरासे ढळले की स्वर पडतो. पूर्वी बोटाची चूक धातू पोटात घालीत असे, आता ती थेट ऐकणाऱ्याच्या कानावर येते.

तबकडीतला पहिला तुकडा 'डोना ली'. सोबतीला फक्त डॉन अलायस यांचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. स्वर झपाट्याने जातात, पण एकही पुसट होत नाही. माझे मन मात्र 'कंटिन्युअम'वर जडले. तिथे स्वर उमटल्यावर आणखी फुलतो, त्यात बारीक कंप येतो, आणि खर्जाचे वाद्य गाऊ लागते. उलट 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' या एकट्या बासच्या रचनेचे सगळे श्रेय बिनपडद्यांना देतात, ते मला पटत नाही. तिचे घुंगरासारखे उंच नाद तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून निघतात, आणि पडदे असलेल्या गिटारीवरही ते निघतात. तिथे कौतुक करायचे ते वादकाच्या शोधक बुद्धीचे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला हवी. मींड कानात मुरलेल्या आपल्यासारख्यांना वाटते, पडदे गेले की घसरतच वाजवायचे. पुष्कळ अनुकरणकर्त्यांनी तेच केले. स्वर सापडेना, म्हणून त्याच्या आसपास घसरत राहायचे आणि त्याला भावना म्हणायचे! 'कंटिन्युअम'मधला वादक स्वरावर उभा राहतो. घसरतो तो कारण असेल तेव्हाच.

आमच्याकडे पेटीवर असाच आक्षेप होता. तिचे स्वर ठोकलेले, मींड नाही, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला दार बंद केले आणि सुमारे तीन दशके ते बंदच राहिले. पण गोविंदराव टेंबे यांनी त्याच पेटीला कलेचा मान मिळवून दिला. ठोकलेल्या स्वरांनी कलावंत अडत नाही, आणि पडदे उपटल्याने कोणी कलावंत होत नाही.

पास्टोरियस १९८७ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेला. फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दारात झालेल्या मारहाणीने. त्या अनावर आयुष्यातून 'बिनपडद्यांच्या माणसा'चे रूपक काढण्याचा मोह कादंबरीकाराला होतोच. मी तो आवरला. त्याच्या वादनात अनावर असे काही नाही. तिथे विलक्षण शिस्त ऐकू येते.

विद्यार्थ्याने शेवटी पडदे काढलेच. पहिल्या दिवशी वाजवलेले इतके बेसूर की आमच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी त्याला मोबाइलवर तंबोरा लावून, डोळे मिटून, रोज एकच स्वर धरायला सांगितले. सहा महिन्यांनी परवा तो पुन्हा आला. रेघांकडे न पाहता त्याने षड्ज धरला आणि तंबोऱ्यात मिसळून दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी दुरेघी वह्याच वाटल्या. मात्र वरच्या वर्गातल्या दोन मुलांना कोरा कागद दिला.