कॅलोरिकवर थोडा अन्याय

उष्णतेच्या धड्यात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पूर्वी उष्णतेला ‘कॅलोरिक’ नावाचा वजनरहित द्रायू समजत. १७९८ साली रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यातील आपला प्रयोग जाहीर केला आणि कॅलोरिक संपला. डोंबिवलीच्या एका शाळेत ही गोष्ट ऐकून एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, “एवढी हुशार माणसं इतकी साधी चूक कशी करतील?” गोष्टीतली खोट तिने नेमकी पकडली होती.

लाव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांच्या यादीत कॅलोरिकला जागा दिली, ती भाबडेपणाने नव्हे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी घेतो, पण तापमान वाढत नाही. द्रायू बर्फाच्या कणांशी संयोग पावून लपतो, हे त्या काळी चांगले स्पष्टीकरण होते. गरम पाण्याने गमावलेली उष्णता म्हणजे थंड पाण्याने मिळवलेली उष्णता, हे मिश्रणाचे गणित आपण अजून तसेच सोडवतो. ‘गुप्त उष्णता’, ‘उष्णता वाहते’ हे शब्दही त्याच घरचे!

रम्फर्डने घोड्यांकरवी बोथट गिरमिट फिरवून सुमारे अडीच तासांत पाणी उकळले. कॅलोरिकवाद्यांकडे उत्तर तयार होते: धातूचा कीस झाला, की त्याची कॅलोरिक धरून ठेवण्याची क्षमता घटते. म्हणून रम्फर्डने किसाची विशिष्ट उष्णता मोजली. ती अखंड धातूइतकीच भरली. आमच्या मते प्रयोगाचा हाच गाभा, आणि वर्गात नेमका तोच गाळला जातो.

तरीही कॅलोरिक टिकला. कार्नोने १८२४ साली वाफेच्या इंजिनाचा विचार त्याच्याच आधारे केला. किती कार्याला किती उष्णता, हा पक्का दर रम्फर्डने दिला नव्हता. तो जूलने १८४० नंतरच्या दशकात दिला. आजच्या मापात एका कॅलरीस सुमारे ४.२ जूल. १८५० साली क्लॉसियसने कार्नोचा निष्कर्ष राखून कॅलोरिकला निरोप दिला. तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. १८५४ मध्ये कल्याणला. इंजिने बांधणारे या वादाच्या निकालासाठी थांबले नव्हते.

एखाद्या तासाला अर्ध्या वर्गाला कॅलोरिकचे वकीलपत्र देऊन पाहा. तळहात चोळल्यावर ते गरम का होतात, याचे उत्तर त्यांनी कॅलोरिकच्या बाजूने द्यायचे. दुसऱ्या अर्ध्या वर्गाला ते खोडायला किती वेळ लागतो, ते आम्हाला जरूर कळवा.