मधली तबकडी

कृष्णवर्णीयांच्या संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हटकून असते : गोऱ्यांनी त्यांची गाणी चोरली. वाक्य खोटे नाही. वर्गात मीही ते अनेकदा उच्चारले आहे. पण मागे एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारले, “सर, चोरली म्हणजे नेमके काय नेले? गाणे तर तिच्याजवळही राहिलेच की.” तिला द्यायला माझ्याकडे घोषणा होती, उत्तर नव्हते. म्हणून एकच गाणे हाती घेतले आणि ते कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, हे तबकडीमागून तबकडी ऐकत तपासले. त्या तपासाची ही हकीकत.

गाणे ‘हाउंड डॉग’. १९५६ सालची एल्व्हिस प्रेस्लीची तबकडी जगाला ठाऊक आहे. ज्यांनी थोडे अधिक वाचले आहे त्यांना १९५३ सालची बिग मामा थॉर्नटनची मूळ तबकडीही माहीत असते. या दोन तबकड्या शेजारी ठेवायच्या, एक काळी, एक गोरी, आणि निकाल द्यायचा, अशी आपली रीत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी तबकडी आहे. फिलाडेल्फियाच्या ‘टीन’ नावाच्या छोट्या कंपनीने १९५५ साली ती काढली. गाणारे फ्रेडी बेल आणि त्याचे बेलबॉइज. आज ती संग्राहकांखेरीज फारसे कोणी ऐकत नाही. माझे म्हणणे असे की, जे गेले ते मुख्यतः या मधल्या तबकडीत गेले. प्रेस्लीकडे गाणे पोचले तेव्हा ते आधीच रिकामे झालेले होते.

पण आधी पहिली तबकडी. विली मे थॉर्नटन १९२६ साली अलाबामातील एरिटन येथे जन्मली. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. आई लवकर गेली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ही पोर एका फिरत्या संचाबरोबर घराबाहेर पडली. ड्रम आणि तोंडाने वाजवायची हार्मोनिका ती बघून बघून शिकली. पुढे टेक्ससमधील ह्यूस्टन येथे डॉन रॉबी याच्या ‘पीकॉक’ कंपनीशी तिचा करार झाला. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथे हे गाणे मुद्रित झाले. शब्द जेरी लायबरचे, चाल माइक स्टोलरची. दोघेही ज्यू, दोघेही एकोणीस वर्षांचे. येथेच आपल्या सोप्या सूत्राला पहिला तडा जातो : गाणे लिहिले ते दोन गोऱ्या पोरांनी. ड्रमवर जॉनी ओटिस होता. तो वंशाने ग्रीक, पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढला आणि त्यांच्यातलाच एक म्हणून जगला. गिटारवर पीट लुइस. हे गाणे कसे गावे याविषयी लायबर तिला सांगू लागला तेव्हा तिने त्या पोराला त्याची जागा दाखवली, असे लायबर-स्टोलर स्वतःच पुढे सांगत असत.

ती तबकडी ऐकली म्हणजे तिचा राग किती योग्य होता ते कळते. कागदावर जे लिहिले होते ते एका बाईचे बोलणे आहे. दाराशी घुटमळणाऱ्या पुरुषाला ती ‘कुत्रा’ म्हणते आहे. या शब्दाला तिथल्या बोलीत वेगळीच धार आहे : बाईच्या कमाईवर पोसलेला, खोटी मिजास मिरवणारा आयतोबा. बाईने त्याला ओळखले आहे आणि आता ती त्याला पोसणार नाही. एवढाच मजकूर. परंतु थॉर्नटन तो रडत नाही, तक्रारही करत नाही. तिचा आवाज दार लावून घेणाऱ्या बाईचा आहे. शब्दाच्या शेवटी ती गुरगुरते आणि दुसऱ्या क्षणी हसते. गिटारचा एकट्याचा तुकडा सुरू होतो तेव्हा ती गप्प बसत नाही. वाजवणाऱ्याला ती मधूनमधून डिवचते, चेतवते, जणू तो वाजवणाराच तिने हाकललेला पुरुष आहे. शेवटी वाजवणारे भुंकू लागतात. हे सर्व कागदावर नव्हते. बाई कमावते, घर तिचे, निकाल तिचा : ही स्थिती गळ्यातून उभी राहते. एकोणीस वर्षांच्या दोन पोरांना ती कोठून ठाऊक असणार?

१९५३च्या आरंभी तबकडी बाजारात आली आणि ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत सात आठवडे पहिली राहिली. ‘रिदम अँड ब्लूज’ ही कृष्णवर्णीय गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली यादी. गाण्यांच्या दुकानातही वस्ती निराळी होती. थॉर्नटनच्या सांगण्याप्रमाणे या गाण्याचे तिला पाचशे डॉलर्स मिळाले. नंतर काही नाही. लेखकांची कथा थोडी बरी, पण तीही मजेची : त्यांना बाराशे डॉलर्सचा चेक मिळाला आणि तो वटला नाही.

चेक देणारा डॉन रॉबी कृष्णवर्णीय होता. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण लिहिले पाहिजे. आपल्यातला माणूस मालक झाला की हिशेबाची वही आपोआप सरळ होते, असे होत नाही. त्याच १९५३ साली मेम्फिसच्या ‘सन’ कंपनीने रूफस थॉमस या कृष्णवर्णीय गायकाकडून या गाण्याला उत्तर म्हणून ‘बेअर कॅट’ गाऊन घेतले. चाल तीच. रॉबी कोर्टात गेला आणि जिंकला. म्हणजे गाण्याची मालकी कशी राखायची हे त्याला उत्तम समजत होते. गाणारणीचे काही देणे लागतो, हे समजायला मात्र कोणतेही कोर्ट त्याला भाग पाडू शकत नव्हते. जॉनी ओटिसचे नाव प्रथम लेखकांत होते. तेही पुढे कोर्टाच्या निकालाने गेले. एका लहानशा गाण्यासाठी इतकी कोर्टकचेरी झाली. कोणत्याही दाव्यात थॉर्नटन पक्षकार नव्हती.

आता मधली तबकडी. फ्रेडी बेल हा फिलाडेल्फियाचा इटालियन वंशाचा तरुण. लास वेगासच्या हॉटेलांत त्याचा संच हसतखेळत, उड्या मारत कार्यक्रम करी. ‘टीन’ कंपनीच्या बर्नी लोव याने त्याला सुचवले की, शब्द बदल, म्हणजे गाणे जास्त लोकांत चालेल. ‘जास्त लोक’ म्हणजे कोण हे सांगायला नको. बेलने शब्द बदलले. दाराशी घुटमळणारा पुरुष गेला. त्याच्या जागी शिकारीत साधा ससाही न पकडलेला एक कुत्रा आला. बदल लहान दिसतो, पण त्याने काय काय गेले ते मोजून पाहा. बाई गेली. तिचे दार गेले. पुरुषाला पोसण्याचा व्यवहार गेला, त्यामुळे त्याला हाकलण्याचा अधिकारही गेला. उरला एक निकामी कुत्रा आणि त्याच्यावर ओरडणारा कोणीतरी. तालही बदलला. थॉर्नटनचा ताल जमिनीला टेकून, रेंगाळत चालतो, मागून टाळ्या पडतात. बेलचा ताल नाचाच्या वर्गातला आहे, पायात स्प्रिंग बसवल्यासारखा. बेल दुष्ट होता असे मला म्हणायचे नाही. तो पोटासाठी गाणारा होता. बारा महिने हॉटेलातल्या जेवणाऱ्यांना रिझवण्याचे काम सोपे नव्हे. पण त्याच्या तबकडीत गाण्याला बोलणारा माणूसच नाही.

एप्रिल १९५६ मध्ये प्रेस्ली लास वेगासला ‘न्यू फ्रंटिअर’ हॉटेलात दोन आठवडे गायला गेला. त्याचे तिथे फारसे जमले नाही, प्रेक्षक वयस्क होते. तेथेच त्याने ‘सँड्स’ हॉटेलात बेलचा संच ऐकला आणि हे गाणे उचलले. बेलचे शब्द, बेलचा विनोद. ५ जून रोजी मिल्टन बर्लच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्याने ते अंग घुसळत गायले आणि देशभर गहजब झाला. तेव्हा १ जुलैला स्टीव्ह ॲलनने त्याला लांब कोट चढवून एका खऱ्याखुऱ्या कुत्र्यापुढे उभे केले. कुत्र्याच्या डोक्यावर उंच टोपी. थॉर्नटनचा आयतोबा पुरुष तीन वर्षांत चार पायांचे जनावर झाला, तेही लाखो लोकांसमोर. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कला प्रेस्लीने ते एकतीस वेळा गाऊन मुद्रित केले. ही तबकडी पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज अशा तिन्ही याद्यांत पहिली आली. ज्या वस्तीतून गाणे निघाले त्या वस्तीतही आता तेच वाजू लागले.

प्रेस्लीची तबकडी वाईट आहे असे म्हणण्याची मला इच्छा नाही. तिच्यात जोर आहे, स्कॉटी मूरची गिटार दात-ओठ खाऊन वाजते, तरुणपणाची खरी बेफिकिरी तिच्यात आहे. पण हा राग कशावरचा आहे ते तबकडीला माहीत नाही. एका तरुणाचा राग एवढेच कळते.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडेफार देता येते. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने शब्द आणि चाल यांना मालक दिला. एकदा गाणे मुद्रित झाले की कोणीही ते पुन्हा मुद्रित करावे, प्रतीमागे दोन सेंट मालकाला द्यावे, परवानगी मागायचे कारण नाही. गाणारीने त्यात जे घातले ते कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. ‘ट्वीडली डी’ हे आपले गाणे जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेने मांडणीसकट उचलले, तेव्हा लव्हर्न बेकरने १९५५ साली चार्ल्स डिग्ज या काँग्रेस सदस्याकडे दाद मागितली. कायदा बदलला नाही. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ पासून, आणि रेडिओवर तबकडी वाजली तर तिथे आजही लेखकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. लायबर-स्टोलरना प्रेस्लीमुळे पैसे मिळाले. थॉर्नटनला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. माझे वडील गावच्या जत्रेत हलगी वाजवत. बोलावणे गावकीचे, मान पालखीचा. वाजवणाऱ्याला कोणी रचनाकार म्हणत नसे. त्यामुळे हा कायदा समजायला मला वकिलाची गरज पडली नाही.

ॲलिस वॉकरची ‘नाइन्टीन फिफ्टी-फाइव्ह’ ही कथा या प्रकरणाच्या आधारे लिहिलेली आहे. ती १९८१च्या संग्रहात आहे. कृष्णवर्णीय ग्रेसी मेचे गाणे ट्रेनर नावाचा गोरा पोरगा विकत घेतो, श्रीमंत होतो, तिला मोटार देतो, घर देतो, आणि या गाण्याचा अर्थ काय ते आयुष्यभर तिला विचारत राहतो. कथा सुंदर आहे. अर्थ न समजताच गाणे पचवणाऱ्या समाजाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. परंतु वॉकरने एक फेरफार केला : ग्रेसी मे हे गाणे स्वतः लिहिते. मला तो खटकतो. थॉर्नटनला न्याय मिळावा म्हणून तिला लेखिका करणे भाग पडते, याचा अर्थ लेखिकेलाही कायद्याचीच मोजपट्टी मान्य झाली. लिहिणारा तो निर्माता, गाणारा तो नुसता गळा. थॉर्नटनने एक अक्षर लिहिले नसतानाही त्या तबकडीची ती निर्माती होती, हे म्हणायचे धैर्य समीक्षेला करावे लागेल.

आणि लिहूनही काय झाले असते? ‘बॉल अँड चेन’ तिने स्वतः लिहिले. साठीच्या आरंभी एका कंपनीसाठी ते गायले. कंपनीने तबकडी काढली नाही, हक्क मात्र ठेवून घेतला. १९६८ साली जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात ते गाजले तेव्हा थॉर्नटनला लेखिकेचा वाटाही नीट मिळाला नाही. २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या खोलीत ती वारली. शरीर इतके झिजले होते की जुनी छायाचित्रे पाहणाऱ्याला ती ओळखू येऊ नये. रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात तिचे नाव घेतले गेले ते २०२४ साली.

तिन्ही तबकड्या मी वर्गात एकामागून एक लावल्या. आधी प्रेस्ली, मग बेल, शेवटी थॉर्नटन. मुले प्रेस्लीला हसली, पाय हलवू लागली. बेलच्या वेळी कोणी काही बोलले नाही. थॉर्नटन सुरू झाली आणि गिटारचा तुकडा आला, ती वाजवणाऱ्याला डिवचू लागली, तेव्हा ती विद्यार्थिनी पुढे सरकून बसली. गाणे संपल्यावर तिने एकच विचारले : ती ज्याच्याशी बोलते आहे, तो वाजवणारा कोण?

मी फळ्यावर पीट लुइसचे नाव लिहिले.