८.९० सेकंदांचा नेम

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत दोन मोटारगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि हिरवा दिवा लागताच सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. आधी पोचेल तो जिंकला, इतका साधा हा मामला. परंतु १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या स्पर्धांत ‘सुपर कॉम्प’ नावाचा एक वर्ग आहे. तेथे ८.९० सेकंदांपेक्षा कमी वेळ घेणारा, प्रतिस्पर्धी नियमात राहिला असेल तर, हरतो! ‘सुपर गॅस’साठी हीच मर्यादा ९.९० आणि ‘सुपर स्ट्रीट’साठी १०.९० सेकंदांची आहे.

ही मर्यादा नेमकी गाठण्यासाठी गाडीला ‘थ्रॉटल स्टॉप’ नावाचा अडसर बसवतात. चालकाने पेडल पूर्ण दाबलेले असतानाही, गाडी सुटल्यावर क्षणभरातच, हा अडसर इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट अर्धवट मिटवतो आणि आधी ठरवलेला वेळ संपला की पुन्हा उघडतो. पुढे शेवटपर्यंत इंजिन पूर्ण जोराने चालते. गाडीने धावता धावता स्वतःचा वेग मोजून अडसर कमीजास्त करायचा नाही, असा नियम आहे. जो काही हिशेब करायचा तो सुटण्यापूर्वी.

वेगवान गाडीला मुद्दाम हळू करायचे, ही कसली शर्यत, अशी टीका या प्रकारावर होते. ही टीका मला पटत नाही. जेमतेम ८.९० सेकंद गाठणारी गाडी दुपारी हवा तापली की मागे पडेल. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी. हवेचा दाब उतरला किंवा दमटपणा वाढला तरी तोच परिणाम. (दमट हवा ‘जड’ असते हा समज वर्गात हमखास आढळतो. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा हलका असतो, हे मुलांना आठवून द्यावे.) अडसर लावलेल्या गाडीजवळ मात्र शिल्लक जोर असतो. अडसराचा वेळ कमी केला की झालेली तूट भरून निघते.

हिशेब कसा करतात? समजा, अडसर १.५० सेकंद ठेवला तेव्हा गाडीने ८.८६ सेकंद घेतले आणि १.७० ठेवला तेव्हा ८.९६. म्हणजे अडसराच्या ०.२० सेकंदांमागे एकूण वेळ ०.१० ने वाढला. ८.९० साठी अडसर १.५८ हवा. दुपारी गाडी ०.०३ सेकंदाने मंदावेल असा अंदाज असेल, तर तो १.५२ वर आणायचा. हे गुणोत्तर प्रत्येक गाडीचे वेगळे. वाट किती मिटली यावर ते अवलंबून असते. शिवाय दोन्ही धावा सारख्याच हवेत झालेल्या हव्यात, नाहीतर अडसराचा परिणाम कोणता आणि हवेचा कोणता, हे कळणार नाही. एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण प्रयोगशाळेत सांगतो ते हेच. आणि गाडी दर खेपेस ०.०१ सेकंद इकडेतिकडे होत असेल, तर नेमका ८.९० चा नेम धरणारा निम्म्या वेळा मर्यादा ओलांडेल. म्हणून जाणता स्पर्धक किंचित वर नेम धरतो.

माझा आक्षेप दुसरा आहे. सर्वांना एकच वेळ दिला की सर्व समान झाले, असे या नियमात गृहीत धरलेले दिसते. पण ४०२ मीटर ८.९० सेकंदांत, म्हणजे सरासरी वेग ताशी १६३ किलोमीटर, यावरून गती कशी झाली ते कळत नाही. अडसराशिवाय हाच वेळ घेणारी गाडी शेवटची रेषा ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने ओलांडेल. सुरुवातीला रोखलेली दणकट गाडी ताशी २७५ ने. दोघींचे अंतर-काळ आलेख फळ्यावर काढून पाहा. सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू तेच, वाटा वेगळ्या.

आता या दोघी एकदमच रेषेवर पोचणार आहेत असे धरू. त्यांच्या वेगांत सेकंदाला सुमारे १० मीटरचा फरक आहे. म्हणजे रेषेच्या एक सेकंद आधी दणकट गाडी साधारण १० मीटर मागे असते. तिच्या चालकाला प्रतिस्पर्धी समोर दिसतो. जोर कायम ठेवावा की ब्रेकवर पाय न्यावा, हे तो पाहून ठरवू शकतो. पुढच्याला मान वळवून मागे पाहावे लागते. ताशी २७५ किलोमीटर वेगाने ०.०१ सेकंदात गाडी सुमारे ७६ सेंटिमीटर जाते, तेव्हा हा फायदा क्षुल्लक नव्हे. तो मिळतो मोठ्या इंजिनातून, आणि मोठे इंजिन मिळते पैशातून. वेळेची मर्यादा घालून बाहेर ठेवलेली ताकद अशी मागच्या दाराने आत येते. शेवटच्या वेगावरही मर्यादा घातली असती तर हे दार बरेचसे बंद झाले असते.