सावित्रीची पत्रं आणि आमचा जुना आरोप

१९६९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या वर्ध्यात भरलं. अध्यक्ष होते पु. शि. रेगे. वर्ष गांधीजन्मशताब्दीचं, सेवाग्राम इथून जवळच, आणि व्यासपीठावर स्त्रीदेहाचा उत्सव मांडणारा कवी! आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. ‘ह्यांना समाज दिसतच नाही, बाई म्हणजे नुसती बघायची वस्तू’, असा निकाल आम्ही काही न वाचताच देऊन टाकला होता. तो आज मागे घ्यायचा आहे.

रेग्यांचा जन्म १९१० चा, कोकणातल्या मिठबावचा. लंडनला अर्थशास्त्र शिकले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं, तिथेच प्राचार्य झाले. ‘छंद’ हे द्वैमासिक चालवलं. ‘दोला’, ‘गंधरेखा’, ‘पुष्कळा’ हे कवितासंग्रह. शब्द मोजून खर्च करायचे. अर्थशास्त्राचेच प्राध्यापक ते! १९७८ साली गेले.

पण आम्हाला बोलायचंय ते ‘सावित्री’बद्दल. १९६२ ची ही छोटी कादंबरी म्हणजे ३९ पत्रं, सगळी तिचीच. ती ज्याला लिहिते त्याचं नावही कळत नाही, त्याची उत्तरंही नाहीत. आता बघा, सांख्य दर्शनात प्रकृती नाचते आणि पुरुष पाहतो. रेग्यांची कविताही बरीचशी तशीच. इथे मात्र त्यांनी लेखणी तिच्या हाती दिली आणि पुरुषाला गप्प बसवलं. पाहते ती, ठरवते ती. आमचा जुना आरोप इथेच निकालात निघतो.

त्यातली लच्छीची गोष्ट घ्या. मोर नाचायला हवा, तर आधी लच्छीनेच आनंदाने नाचायला हवं. म्हणजे हवं ते मिळवायचं तर आधी मागणाऱ्यानेच बदलायचं. साधन आणि साध्य वेगळं न मानणाऱ्या सेवाग्रामला ही अट परकी का वाटावी?

एक तक्रार मात्र राहतेच. पत्रांच्या काळात महायुद्ध चालू आहे, सावित्री जपानात जाते, तरी त्याची झळ आम्हाला फार पुसट वाटते. तिची प्रसन्नता कधी कधी जरा स्वस्तात मिळाल्यासारखी होते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पोरांना सांगायचो, सावित्रीच्या एका पत्राला त्याच्या वतीने उत्तर लिहा. बहुतेक मुलांच्या उत्तरात पहिल्याच ओळीत तिला सल्ला असायचा.