मार्गय्याची पेटी आणि उद्योगाची यशोगाथा

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चामराजपुरम हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या लगतच्या लक्ष्मीपुरम भागात आर. के. नारायण यांच्या लेखनाची आरंभीची वर्षे गेली. पुढे ते यादवगिरीत राहावयास गेले. मालगुडी नकाशावर शोधू नये, हे खरेच. तरी त्या नगरात व्यवसाय करून पोट भरणारी माणसे इतक्या संख्येने वावरतात की तो निव्वळ योगायोग मानता येत नाही. 'मिस्टर संपत' (१९४९) मधला मुद्रक, 'द फायनान्शियल एक्स्पर्ट' (१९५२) मधला मार्गय्या आणि 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' (१९६७) मधला मिठाईवाला जगन् यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ही माणसे उद्योग करतात म्हणजे नेमके काय करतात, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

तो आज नव्याने विचारण्यास कारण आहे. केंद्र शासनाची 'स्टार्टअप इंडिया' योजना जानेवारी १९१६ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली, हे मुद्दाम सांगावे लागते. कारण तेव्हापासून फोफावलेले यशोगाथांचे वाङ्मय वाचताना उद्योगधंदा ही गोष्ट या देशात प्रथमच घडत आहे असा समज व्हावा. या गाथांची घडण ठरीव असते. नायक लहान गावचा असतो, नोकरीवर पाणी सोडतो, दोन-तीनदा आपटतो आणि अखेरीस त्याच्या संस्थेचे मोल अब्जावधींत सांगितले जाते. यांतील प्रत्येक घटना खरी असू शकते. दोष घटनांत नसून निवेदनात आहे. गाथा शेवटापासून मागे सांगितली जाते. त्यामुळे प्रत्येक अपयश ही पायरी ठरते, प्रत्येक कर्ज हे धाडस ठरते, आणि ज्यांची अपयशे केवळ अपयशेच राहिली त्यांना कथेत प्रवेशच उरत नाही. बंगळूरच्या 'बायजूज' या शिक्षणसंस्थेचे मोल २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला. एकाच संस्थेविषयी दोन वर्षांत दोन सर्वस्वी भिन्न गाथा रचता येतात, यावरून मोल आणि नफा या दोन शब्दांतील अंतर ध्यानात यावे.

मराठीला हा प्रश्न परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र मराठी घरांतून जवळजवळ पुराणकथेसारखे सांगितले गेले आहे. चित्रकलेच्या शिक्षणात आड आलेला रंगांधळेपणा, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील डावलली गेलेली बढती, बेळगावचे सायकलचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे ते नांगर दोन वर्षे पडून राहिले, असे सांगतात. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावली आणि १९१० मध्ये कुंडल रोडच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द तीत आहेच. पण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, हा तपशील सांगतानाही त्याचे वजन बहुधा कमी केले जाते. तो नायकाच्या सद्गुणाला मिळालेल्या पारितोषिकासारखा येतो. वस्तुतः येथे प्रश्न भांडवलाचा आहे. विक्री होत नसताना दोन वर्षे कारखाना कशावर चालतो? कारागिरांचा पगार कोण देतो? संस्थानिकाचा आश्रय लाभला नसता तर तीच जिद्द त्याच माणसाच्या अंगी असूनही चरित्र लिहिले गेले असते काय? शंतनुराव किर्लोस्करांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावात गुलाबाआधी निवडुंगाला स्थान दिले, यात निदान क्रमाचे भान आहे. किर्लोस्करांचे नाव म्हैसूर संस्थानाशीही जोडले गेले. हरिहर येथे १९४१ मध्ये यंत्रे घडविणारी यंत्रे करणारा 'म्हैसूर किर्लोस्कर' निघाला. तो कारखाना चालू शतकाच्या आरंभी बंद पडला. वाडीच्या माळाची कथा जितक्या घरांत पोचली तितक्या घरांत हरिहरची पोचली नाही.

चरित्रात जे झाकले जाते ते कादंबरीत उघडे पडते, आणि येथे नारायण उपयोगी पडतात. मार्गय्या सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि खेड्यातील माणसांना त्याच बँकेतून कर्ज काढण्याचे मार्ग सांगतो. त्याच्याजवळ भांडवल नाही. दुसऱ्याच्या गरजेचे ज्ञान हेच त्याचे भांडवल. मुलगा त्याची हिशेबाची वही गटारात फेकतो आणि धंदा एका क्षणात बुडतो. पुढे एका हस्तलिखिताच्या प्रकाशनातून तो श्रीमंत होतो, मग लोकांच्या ठेवी गोळा करू लागतो. वर्तमान ठेवीतून मागच्या ठेवीचे व्याज देत जाणे ही ती युक्ती. अफवा उठते, रांग लागते आणि सर्व संपते. यशोगाथेत हा मनुष्य मध्यंतरापर्यंत नायक शोभला असता. नारायण पुढची पाने लिहितात एवढाच फरक. शेवटी मार्गय्या पुन्हा पेटीकडे वळतो, आणि त्या वळण्यात पश्चात्ताप नाही. ही अलिप्तता कित्येक वाचकांना खटकेल. नीतीचा निकाल न देता हिशेब मांडणे हे लेखकाचे सामर्थ्य आहे, की ठेवी बुडालेल्यांविषयीची उदासीनता? निकाल दुसऱ्या बाजूकडेही झुकू शकतो, कारण ठेवीदारांना कादंबरीत चेहरे जवळजवळ नाहीतच. यशोगाथेतही ते नसतात.

'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' अधिक गुंतागुंतीची आहे. जगन्‌चा मुलगा माली अमेरिकेहून परततो तो कथा लिहिणारे यंत्र बनविण्याची योजना घेऊन. पात्रे, प्रसंग, भावना आणि उत्कर्ष यांच्या कळा दाबाव्यात आणि कथा बाहेर यावी. परदेशी भागीदार ठरलेले आहेत, छापील कागद तयार आहेत. उणीव फक्त बापाच्या पैशाची. १९६७ मध्ये ही निखळ थट्टा होती. आज मजकूर जुळविणारी यंत्रे प्रत्यक्षात आली आहेत, आणि एखादा यशोगाथाकार मालीला काळाच्या पुढचा द्रष्टा ठरवावयास कचरणार नाही. म्हणून नारायणांचा उपरोध जुना झाला असे म्हणावे काय? यंत्राविषयीचा झाला, मालीविषयीचा नाही. कल्पना खरी निघाल्याने कल्पना सांगणारा खरा ठरत नाही. मालीने एकही यंत्र केलेले नाही. त्याला माहीत आहे ते यंत्राविषयी बोलणे.

आणि बापही निर्दोष नाही, हे या कादंबरीचे खरे मोल आहे. गांधीवादी जगन् संध्याकाळनंतरचा गल्ला वेगळ्या भांड्यात ठेवतो. तो कराच्या हिशेबात येत नाही. पुढे विरक्तीच्या भरात तो मिठाईचे भाव उतरवितो, तेव्हा गावातील अन्य व्यावसायिक चिंतातुर होऊन त्याच्याकडे येतात. मालीच्या योजनेत एवढे अर्थशास्त्र नाही जेवढे त्या एका भेटीत आहे. भाव, प्रतिस्पर्धी, कर, गल्ला, बापलेकांतील अबोला: धंदा म्हणजे हेच असते, आणि हे सांगण्यास विजयाचा शेवट लागत नाही.

नारायणांना हे कळण्यास कारणही होते. १९४०च्या सुमारास त्यांनी 'इंडियन थॉट' नावाचे नियतकालिक काढले. ते फार काळ चालले नाही. युद्धामुळे इंग्लंडच्या प्रकाशकांशी संबंध तुटल्यावर त्याच नावाने त्यांनी म्हैसुरात प्रकाशनसंस्था काढली, आणि ती टिकली. एकाच माणसाचे, एकाच नावाचे दोन उपक्रम, एक बुडालेला व एक तरलेला. या दोहोंत जिद्दीचे प्रमाण वेगळे होते असे दाखविता येणार नाही. दुसऱ्या वेळी हाताशी स्वतःची पुस्तके होती, त्यांना वाचक होते आणि परदेशी माल येत नव्हता.