‘मातृवंचना’: एका संज्ञेची चिकित्सा

जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिद्ध केलेला प्रबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि ‘मातृवंचना’ ही संज्ञा बालमानसशास्त्रात रूढ झाली. अनाथालयांतील अर्भकांच्या मानसिक उपेक्षेकडे लक्ष वेधण्याचे श्रेय या ग्रंथाला निःसंशय द्यावयास हवे. परंतु ज्या पुराव्यावर ही संज्ञा उभी आहे, तो तिचा भार पेलतो काय, हा प्रश्न वेगळा आहे.

बोल्बी यांनी ४४ बालचोरांचा आपला अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला होता. त्यांपैकी १४ मुले त्यांना भावशून्य आढळली व त्यांतील १२ मुलांना लहानपणी मातेपासून दीर्घकाळ दूर राहावे लागले होते. प्रमाण लक्षणीय खरेच; तथापि भावशून्यतेचे निदान आणि वियोगाची नोंद ही दोन्ही कामे मुख्यतः एकाच हातून झाली होती. मायकेल रटर यांनी १९७२ साली दाखवून दिले की, या एका शब्दाच्या पोटात जडलेला स्नेहबंध तुटणे, तो मुळी न जडणे आणि घरातील कलह अशा भिन्न गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. मुलांच्या समाजविघातक वर्तनाशी मातापित्यांच्या मृत्यूपेक्षा त्यांच्यातील कलहाचाच निकट संबंध त्यांना आढळला. (मराठीत कोणी ‘मातृवियोग’ हा पर्याय योजला, तर घोटाळा वाढेलच; त्या शब्दाने मृत्यूच सूचित होतो.)

अधिक निर्णायक पुरावा बुखारेस्टचा. तेथील अनाथालयांतील १३६ बालके यदृच्छेने विभागून निम्म्यांना संगोपनासाठी कुटुंबांत ठेवण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५४ महिन्यांच्या वयात संस्थेच्या वाट्यास आलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३, तर कुटुंबांत गेलेल्यांचा ८१ होता. जी मुले लवकर गेली त्यांना लाभही अधिक झाला. स्वगृही वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यंक १०९ होता हे खरे. पण ही मुले यदृच्छेने निवडलेली नव्हती, म्हणून त्या तफावतीचा सारा दोष संस्थेवर टाकता येत नाही. तुलना निर्दोष आहे ती ७३ व ८१ यांचीच. आणि ज्यांनी हा फरक घडविला त्या स्त्रिया या मुलांच्या जन्मदात्या नव्हत्या. रोज तीच कूस, तोच आवाज, रडण्याला मिळणारा तोच प्रतिसाद, एवढेच त्यांनी दिले. आजी, आत्या, थोरली बहीण यांच्या कडेवर वाढलेल्या मुलांच्या समाजाला यात नवल वाटू नये.

मातेची जागा कायमपणे घेणारी व्यक्तीही चालेल, असे खुद्द बोल्बी यांनीच नमूद केले होते. वाचकांनी मात्र तेवढेच वगळले. त्यामुळेच संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदार मातेला अनाथालयातील मुलांचे आकडे ऐकविले गेले. तिच्याविषयी त्या आकड्यांतून काहीच सिद्ध होत नाही.