अश्वशर्यतींची प्रतवारी : गुण मोजायचे की बरोबरी साधायची?



तत्त्वज्ञानाच्या माणसाने रेसकोर्सवर का बोलावं, असं काहींना वाटेल. आमचं उत्तर सोपं आहे. ‘चांगलं’ कशाला म्हणायचं आणि ते ठरवायचं कुणी, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. आणि हा प्रश्न आकड्यांत, किलोंमध्ये आणि रोख पैशांत सोडवायचा प्रयत्न करणारी व्यवस्था आपल्याला अगदी जवळ आहे. वसईहून चर्चगेटकडे जाताना महालक्ष्मीला गाडीतून जे मोठं हिरवं मैदान दिसतं, ते १८८३ सालचं. तिथल्या आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. त्या शर्यतींची प्रतवारी कशी होते आणि ती काम करते का, एवढंच आज तपासू. जुगार वाईट की चांगला, हा प्रश्न आज बाजूला ठेवू.

पहिली गोष्ट ही, की रेसकोर्सवर प्रतवारी एक नाही. दोन आहेत, आणि दोघींचे हेतू एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली प्रतवारी घोड्यांची. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुणांक मिळतो आणि गुणांकावरून वर्ग ठरतो. २० ते ४६ गुणांकाचे घोडे एका वर्गात, ४० ते ६६ चे त्याच्या वरच्या वर्गात, अशी ही उतरंड असते. एका वर्गातले घोडे एकत्र धावतात, पण सारख्या ओझ्याने नाही. एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब. म्हणजे ३६ गुणांकाच्या घोड्याला २६ वाल्यापेक्षा पाच किलो जास्त वाहावे लागतात. जॉकीचं वजन कमी भरलं तर खोगिरात शिसं घालतात. याला हँडिकॅप म्हणतात. इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल राऊस १८५५ साली सार्वजनिक हँडिकॅपर झाले, तेव्हापासून या कामाला शिस्त आली.

आता यातला विचार बघा. हँडिकॅपरचं स्वप्न काय? सगळे घोडे एकाच क्षणी खांबाला पोचावेत. त्याचं काम शंभर टक्के जमलं तर कुठला घोडा चांगला हे कळणारच नाही! आधी गुण काळजीपूर्वक मोजायचे आणि मग ते शिशाने झाकायचे.

दुसरी प्रतवारी शर्यतींची. ग्रेड वन, ग्रेड टू, ग्रेड थ्री. इंडियन डर्बी, दोन गिनीज, ओक्स आणि पुण्यात होणारी सेंट लेजर, या पाच क्लासिक शर्यती ग्रेड वनच्या. इथे गुणांकाप्रमाणे ओझं चढत नाही. घोडीला थोडी सूट असते, एवढंच. इथला हेतू सरळ आहे : उत्तम घोडा पुढे यावा, म्हणजे पुढची पैदास त्याच्यापासून करता येईल.

युरोपात ही पद्धत १९७१ साली रीतसर आली आणि तिचा मोठा उपयोग लिलावाच्या कॅटलॉगमध्ये झाला. शिंगराच्या वंशावळीत अशी शर्यत जिंकलेल्या घोड्याचं नाव जाड टाइपात छापतात. नाव जाड झालं, की किंमत वाढते. म्हणजे ‘ग्रेड वन’ हा शब्द प्रेक्षकापेक्षा खरेदीदाराशी जास्त बोलतो.

मग ही व्यवस्था चालते का? आमच्या मते दोन्ही प्रतवाऱ्या चालतात, पण दोन्हींना एकेक जुनं दुखणं आहे.

हँडिकॅपचं दुखणं असं, की तो खरेपणावर कर लावतो. घोडा जिंकला की गुणांक वाढतो, ओझं वाढतं, पुढची शर्यत अवघड होते. हरला की ओझं उतरतं. मग मालकाला किंवा ट्रेनरला मोह होतो : आज थोडं मागे राहू, योग्य दिवशी हलक्या वजनाने जिंकू. घोड्याला त्याच्या पूर्ण कुवतीने पळवलंच पाहिजे, असा नियम जगभर आहे आणि स्टुअर्ड चौकशाही करतात. पण ज्या मोजपट्टीमुळे मोजली जाणारी वस्तू स्वतःला आखडून घेते, त्या मोजपट्टीवर पहारा ठेवावा लागणारच. नेमकं इथंच घोडं पेंड खातं.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात ठरवलं, की अश्वशर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. निकाल आम्हाला पटतो. पण हँडिकॅपच्या बाजूने बघितलं तर एक गंमत दिसते. हँडिकॅप परिपूर्ण असता तर पैसे लावणाऱ्याला एक घोडा सोडून दुसरा निवडायला कारणच उरलं नसतं. त्याच्या कौशल्याला जागा मिळते, कारण हँडिकॅपरचा अंदाज कधीकधी चुकतो. रेसबुकावर पेन्सिल घेऊन बसलेला माणूस ती चूक शोधत असतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. आरक्षणाच्या वादात हँडिकॅपचं उदाहरण सर्रास दिलं जातं : हुशाराच्या पाठीवर शिसं का? उपमा फसवी आहे. हँडिकॅप निकाल समान करू बघतो, तोही चुरस टिकावी म्हणून. आरक्षणाचा युक्तिवाद संधीबद्दल आहे, आणि त्यामागे इतिहासातला अन्याय आहे. घोड्याच्या पाठीवरचं शिसं कुठल्याही अन्यायाची भरपाई करत नाही.

आता ग्रेडचं दुखणं. ते वर्तुळाचं आहे. शर्यत मोठी का? मोठे घोडे येतात म्हणून. घोडे मोठे का? मोठी शर्यत जिंकले म्हणून. युरोपात यावर एक उपाय केला आहे. पहिल्या चार घोड्यांच्या गुणांकांची तीन वर्षांची सरासरी बघतात. ग्रुप वनला ती ११५ लागते. घसरली तर शर्यतीची पायरी खाली येऊ शकते. वर्तुळ पूर्ण तुटत नाही, पण निदान जुन्या मोठेपणावर कायमचं बसून राहता येत नाही.

अर्थात गुणांक तरी स्थिर असतो का? डान्सिंग ब्रेव्ह नावाच्या घोड्याला १९८६ साली १४१ गुणांक मिळाला होता. २०१३ च्या जानेवारीत जुने आकडे फुगलेले होते असं ठरवून त्याला १३८ वर आणलं, आणि १४० वाला फ्रँकल सर्वांत वर गेला. डान्सिंग ब्रेव्ह १९९९ सालीच मेला होता. मेलेला घोडा हळू झाला नाही, पट्टी बदलली.

दुसरं उदाहरण जपानचं. २००७ साली जपानला शर्यतींच्या पहिल्या श्रेणीतल्या देशांत जागा मिळाली. त्याबरोबर त्यांच्या स्वतःच्या डर्बीचं लेबल मात्र बदललं, कारण तिथे परदेशी घोड्यांना प्रवेश नव्हता. तिला फक्त देशांतर्गत ग्रेड वन म्हणायचं ठरलं. २०१० मध्ये दार उघडलं आणि पूर्ण ग्रेड परत मिळाला. मैदान तेच, अंतर तेच. ‘उत्तम’ म्हणताना ‘कुणांमध्ये उत्तम’ हे सांगावं लागलं, एवढंच.

आपली इंडियन डर्बी फेब्रुवारीत, २४०० मीटरची, चार वर्षांच्या भारतीय घोड्यांसाठी. १९४३ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं कंट्री ब्रेड डर्बी. देशात पैदास झालेल्यांची डर्बी. आम्हाला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात शर्यतीची अट उघड होती. बंद दाराआड मिळालेला ग्रेड खोटा नसतो, पण तो तेवढ्या दारापुरताच खरा असतो. देशी पैदास जपायची म्हणून दार बंद ठेवणं हे समर्थनीय धोरण असू शकतं. मात्र मग बाहेरच्या ग्रेड वनशी बरोबरी असल्यासारखं तो शब्द वापरू नये.

म्हणून आमचं मत असं. हँडिकॅपला न्याय म्हणू नका. ती चुरस टिकवण्याची युक्ती आहे, आणि युक्ती म्हणून उत्तम आहे. ग्रेडला गुणवत्ता म्हणू नका. तो एक दाखला आहे, आणि दाखल्यावर तारीख आणि अट दोन्ही हवीत. कुठल्याही क्लबाला तीन प्रश्न विचारावेत. गुणांक बदलला तर कारण छापता का? ग्रेड खाली आणायची तुमची तयारी आहे का? ग्रेड कुणांमध्ये मिळाला, हे स्पष्ट लिहिता का?

दहावीची गुणपत्रिका किंवा कॉलेजच्या दारावरची नॅकची श्रेणी समोर आली, की हेच तीन प्रश्न तिथेही विचारून बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ.